गाडी न घेता डिस्ने वर्ल्ड: कुठून कुठे, कशाने

ऑर्लँडोला जायचं ठरलं की अमेरिकेतल्या नातेवाइकांचा पहिला सल्ला ठरलेला असतो: "विमानतळावरच गाडी घ्या, तिथे गाडीशिवाय हलता येत नाही." फ्लोरिडापुरतं हे खरं आहे. डिस्ने वर्ल्डपुरतं ते अर्धंच खरं आहे. भारतातून आलेले आई-बाबा, उजव्या बाजूने गाडी चालवायची धास्ती असलेली मंडळी, किंवा सुट्टीतही ड्रायव्हर होऊन बसायचा कंटाळा आलेला जावई, यांनी उरलेलं अर्धं नीट समजून घेतलं तर गाडीचं भाडं वाचतं आणि डोक्याचा तापही कमी होतो.

आधी आकार डोळ्यांसमोर आणू. वॉल्ट डिस्ने वर्ल्ड हे एकच उद्यान आहे असं समजून लोक येतात आणि तिथेच चुकतात. ही जागा सुमारे २५,००० एकर आहे, म्हणजे शंभर चौरस किलोमीटर. बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान साधारण एवढंच आहे. या पसाऱ्यात चार थीम पार्क आहेत: मॅजिक किंग्डम (१९७१), एपकॉट (१९८२), हॉलिवूड स्टुडिओज (१९८९) आणि अ‍ॅनिमल किंग्डम (१९९८). शिवाय दोन वॉटर पार्क, डिस्ने स्प्रिंग्ज नावाची दुकानं-हॉटेलांची मोठी बाजारपेठ आणि पंचवीसहून जास्त हॉटेलं. मधल्या भागात झाडी, दलदल, तळी आणि रुंद रस्ते. नकाशावर दोन ठिकाणं शेजारी-शेजारी दिसली तरी त्यांच्यामध्ये फूटपाथ असेलच असं नाही. अ‍ॅनिमल किंग्डम लॉज हे हॉटेल नावावरून पार्काच्या दारात वाटतं, पण तिथून पार्कात चालत जाताच येत नाही, बसच घ्यावी लागते.

या सगळ्याच्या आत कंपनीची स्वतःची वाहतूक आहे: बस, मोनोरेल, बोटी आणि रोपवे. सगळं फुकट. तिकीट लागत नाही, तुम्ही कुठे उतरला आहात हे सहसा कोणी विचारत नाही.

आता मुख्य गोष्ट, जी कळली की बाकीचं आपोआप उलगडतं. ही वाहतूक शहरातल्यासारखी नाही. शहरात कुठूनही कुठेही जाण्याची सोय करायची असते. इथे एकच काम आहे: पाहुण्याला सकाळी खोलीतून पार्कात नेणं आणि रात्री पार्कातून खोलीत आणणं. प्रत्येक हॉटेलातून प्रत्येक पार्कात थेट, फार तर एकदा बदल करून जाता येतं. एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात थेट बस नाही. म्हणून "हे हॉटेल पार्कापासून किती किलोमीटर?" हा प्रश्न इथे फारसा उपयोगाचा नाही. "या हॉटेलातून त्या पार्कात काय जातं?" हा खरा प्रश्न, आणि तो बुकिंग करण्याआधी विचारायचा असतो. एकदा हॉटेल ठरलं की तुमच्या सुट्टीतला प्रवास बव्हंशी ठरून गेलेला असतो.

मॅजिक किंग्डम: इथे गाडीवालाच मागे पडतो

किल्ला असलेलं, सगळ्या जाहिरातींत दिसणारं पार्क ते हेच. गंमत अशी की गाडी घेऊन येणाऱ्याला इथे सर्वांत जास्त वेळ लागतो. पार्किंग पार्काच्या दारात नाही. ते सेव्हन सीज लगून या माणसाने खोदलेल्या तळ्याच्या अलीकडे आहे. तिथे गाडी लावायची, ट्राममधून किंवा चालत तिकीट केंद्रापर्यंत यायचं, तपासणी करून घ्यायची, मग फेरीबोटीने किंवा मोनोरेलने तळं ओलांडायचं. वर पार्किंगचे दिवसाला ३० डॉलरच्या आसपास द्यायचे (डिस्नेच्या हॉटेलांत उतरलेल्यांना ते माफ असतात). हा द्राविडी प्राणायाम मुद्दाम केलेला आहे. बाहेरचं गाड्यांचं जग मागे टाकून पाण्यावरून सावकाश दुसऱ्या जगात यावं, अशी मूळ कल्पना होती. कल्पना छान आहे, पण सकाळी नऊ वाजता दोन लहान मुलांना घेऊन तळं ओलांडताना तिचं कौतुक करायला फुरसत मिळत नाही.

हॉटेलची बस मात्र हे सगळं टाळून पार्काच्या दाराजवळच उतरवते. म्हणजे सगळ्यात स्वस्त हॉटेलातला बसने आलेला पाहुणा स्वतःच्या गाडीने आलेल्यापेक्षा दाराच्या जवळ उतरतो. उबर किंवा लिफ्ट (Lyft) या अ‍ॅपवरची टॅक्सीसुद्धा तुम्हाला तिकीट केंद्रापाशी सोडते. तिथून पुढे तुम्हीही बोटीच्या रांगेत.

मोनोरेलच्या मार्गावर तीन हॉटेलं आहेत: कंटेम्पररी, पॉलिनेशियन आणि ग्रँड फ्लोरिडियन. तिन्ही महाग. कंटेम्पररीच्या इमारतीच्या पोटातूनच गाडी जाते, आणि ते दृश्य पाहायला तिथे राहायची गरज नाही, मोनोरेलमध्ये बसलं की झालं. कंटेम्पररीतून पार्कात चालत दहा मिनिटं लागतात, ग्रँड फ्लोरिडियनमधूनही २०२० पासून पायवाट आहे. गर्दीच्या वेळी पायी जाणारा मोनोरेलवाल्याच्या आधी पोचतो, हे लक्षात ठेवा.

मोनोरेलचे मार्ग तीन आहेत आणि नवख्या माणसाचा गोंधळ इथेच होतो. एक मार्ग तिकीट केंद्रापासून मॅजिक किंग्डमपर्यंत न थांबता जातो. दुसरा त्याच वाटेने, पण हॉटेलांपाशी थांबत जातो. तिसरा तिकीट केंद्रापासून एपकॉटला जातो. मॅजिक किंग्डमहून एपकॉटला जायचं तर तिकीट केंद्रात उतरून गाडी बदलायची. पॉलिनेशियनमध्ये राहणारे तर एपकॉटला जाताना हॉटेलच्या स्थानकावर चढतही नाहीत. तिकीट केंद्र तिथून चालत काही मिनिटांवर आहे, सरळ तिथे जाऊन एपकॉटची गाडी पकडतात.

एपकॉटची दोन दारं आणि डोक्यावरचा रोपवे

एपकॉटला दोन प्रवेशद्वारं आहेत, आणि हे माहीत नसल्यामुळे लोकांची पायपीट होते. मोठ्या चकाकत्या गोलापाशी जे पुढचं दार आहे तिथे बस आणि मोनोरेल येतात. मागचं दार, ज्याला इंटरनॅशनल गेटवे म्हणतात, ते वेगवेगळ्या देशांचे मंडप असलेल्या भागात उघडतं. तिथे रोपवे येतो, छोट्या बोटी येतात आणि बोर्डवॉक, यॉट क्लब, बीच क्लब या हॉटेलांतून चालत येणारे येतात. आपण कोणत्या दाराने आलो हे संध्याकाळी सगळ्यांना आठवायला हवं. पार्काच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर दिवसभर फिरून थकलेल्या पायांना भारी पडतं.

रोपवेचं नाव स्कायलाइनर. तो २९ सप्टेंबर २०१९ रोजी सुरू झाला. माझ्या मते गाडी न घेणाऱ्यांसाठी या पूर्ण जागेतली ही सगळ्यात उपयोगी गोष्ट आहे. बसची वाट पाहावी लागते, इथे केबिन एकामागून एक येतच राहतात, त्यामुळे रांग लांब दिसली तरी सरकत असते. एका केबिनमध्ये दहा जण बसू शकतात. बाबागाडी घडी न करता आत ढकलता येते. व्हीलचेअरसाठी वेगळी लाइन आहे, जिथे केबिन थांबवून माणूस चढवतात आणि तरी मुख्य रांग अडत नाही. एअर कंडिशनर नाही, फक्त हवा खेळती राहते. केबिन चालू असेपर्यंत ते जाणवत नाही, मधेच थांबली की जाणवतं.

त्याचं जंक्शन कॅरिबियन बीच या हॉटेलपाशी आहे. तिथून एक मार्ग हॉलिवूड स्टुडिओजला जातो, दुसरा रिव्हिएरा हॉटेलवरून एपकॉटच्या मागच्या दाराला, आणि तिसरा पॉप सेंच्युरी आणि आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन या दोन स्वस्त हॉटेलांना. या शेवटच्या दोघांचं स्थानक एकच आहे, मधल्या तळ्यावरच्या पुलाजवळ. बजेटमध्ये राहून गाडीशिवाय फिरायचं असेल तर माझी पसंती पॉप सेंच्युरीलाच. दोन पार्क रोपवेने होतात, उरलेले दोन बसने. मात्र रोपवे मॅजिक किंग्डमला जात नाही. "एपकॉटपर्यंत रोपवे, तिथून मोनोरेल" हा कागदावर सुंदर दिसणारा बेत प्रत्यक्षात एपकॉटचं तिकीट मागतो, कारण मोनोरेलचं स्थानक पार्काच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि मधला रस्ता पार्कातूनच जातो.

एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज यांच्यामध्ये तीन पर्याय आहेत: रोपवे, बोट आणि पायी. पायी साधारण अर्धा तास लागतो. वाट पाण्याच्या कडेने जाते आणि संध्याकाळी उन्हं कलल्यावर ती चालावीच. बोट दिसायला आरामशीर, पण वाटेतल्या प्रत्येक हॉटेलच्या धक्क्याला लागत जाते. घाई असेल तर तिच्या नादी लागू नका.

अ‍ॅनिमल किंग्डम, आणि नान खायला जाण्याची गोष्ट

अ‍ॅनिमल किंग्डम एका कोपऱ्यात आहे. मोनोरेल नाही, बोट नाही, रोपवे नाही, पायवाट नाही. बस किंवा टॅक्सी. या पार्काबद्दल एवढंच पुरे.

पण त्याच्या जवळच्या लॉजमध्ये सना नावाचं एक रेस्टॉरंट आहे, आफ्रिकन जेवणाला भारतीय चव देणारं. नान आणि इतर रोट्यांबरोबर चटण्या, लोणची, रायतं असं ताट मिळतं आणि काचेपलीकडे जिराफ चरत असतात. चार दिवस बर्गर-पिझ्झा खाल्लेल्या मराठी कुटुंबाला तिथे जावंसं वाटणं साहजिक आहे. आणि नेमकं इथेच हॉटेल ते हॉटेल थेट बस नसल्याचं दुखणं कळतं. समजा तुम्ही पॉप सेंच्युरीत आहात. आधी बसने अ‍ॅनिमल किंग्डम पार्कापर्यंत, मग तिथून लॉजची बस. दुपारच्या जेवणाला हे जमून जातं. रात्रीच्या जेवणाला अडचण येते, कारण हे पार्क इतरांपेक्षा बऱ्याचदा लवकर बंद होतं, आणि बंद झाल्यावर साधारण तासाभराने तिथल्या बसही थांबतात. मग परतीला लॉजमधून डिस्ने स्प्रिंग्ज आणि तिथून आपलं हॉटेल असा वळसा. भरल्या पोटी, झोपलेलं मूल खांद्यावर घेऊन हा प्रवास करण्यापेक्षा टॅक्सीला पैसे द्यावेत. गाडी न घेता राहायचं म्हणजे एकदाही टॅक्सी करायची नाही असं व्रत नव्हे. आठवड्यात दोन-तीन टॅक्सी केल्या तरी गाडीचं भाडं आणि विमा यांच्या तुलनेत ते बहुधा स्वस्तच पडतं.

डिस्ने स्प्रिंग्जचा मामलाही असाच. तिथून प्रत्येक हॉटेलला बस आहे, पण थीम पार्कांना थेट बस नाही. कारण उघड आहे. स्प्रिंग्जचं पार्किंग फुकट आहे आणि पार्कांचं नाही. थेट बस ठेवली तर अर्धं ऑर्लँडो स्प्रिंग्जमध्ये गाडी लावून पार्कात जाईल. त्यामुळे सकाळी तिथे नाश्ता करून पार्कात जाण्याचा बेत असेल तर मधे एखाद्या हॉटेलात बस बदलावी लागते. पोर्ट ऑर्लिन्स, ओल्ड की वेस्ट आणि साराटोगा स्प्रिंग्ज या हॉटेलांतून स्प्रिंग्जला बोटही जाते. पूर्ण रिसॉर्टमधला हा सगळ्यात निवांत प्रवास असेल, झाडांच्या सावलीतून नदीसारख्या कालव्यावरून.

बसचं गणित

बस साधारण वीस मिनिटांनी एक, असा हिशेब सांगितला जातो. तुम्ही तो एका प्रवासाला एक तास असा धरा. वाट पाहणं, प्रवास, उतरून दारापर्यंत चालणं आणि तपासणी, सगळं मिळून. रेस्टॉरंटची वेळ आरक्षित केली असेल आणि बस बदलायची असेल तर दीड तास. डिस्नेच्या अ‍ॅपमध्ये तुमच्या हॉटेलच्या पुढच्या बसची वेळ दिसते. पार्क उघडण्याआधी साधारण पाऊण ते एक तास बस सुरू होतात. डिस्नेच्या हॉटेलांतल्या पाहुण्यांना रोज अर्धा तास आधी आत सोडतात, आणि गाडीशिवायच्या माणसाने तो अर्धा तास सोडू नये, कारण त्या वेळी बसही रिकाम्या असतात.

हॉटेल निवडताना आणखी एक बारीक गोष्ट पाहा. कॅरिबियन बीच, कोरोनाडो स्प्रिंग्ज, साराटोगा स्प्रिंग्ज ही हॉटेलं इतकी पसरलेली आहेत की आतच बसचे अनेक थांबे आहेत. शेवटच्या थांब्यावर राहणाऱ्याची बस कधी भरून येते, आणि पहिल्या थांब्यावरच्याला अख्ख्या हॉटेलची प्रदक्षिणा घडते. ऑल-स्टार नावाची तीन स्वस्त हॉटेलं शेजारी आहेत आणि ती बऱ्याचदा एकच बस वाटून घेतात. खोली बसथांब्याजवळ किंवा रोपवेच्या स्थानकाजवळ द्या, अशी विनंती करून ठेवावी. मिळेलच असं नाही, पण मागायला काय जातं?

बाबागाडी बसमध्ये घडी करूनच न्यावी लागते. मोनोरेल, फेरीबोट आणि रोपवेमध्ये उघडी चालते. रात्री मूल तिच्यात झोपलेलं असताना या फरकाची किंमत कळते. आजी-आजोबा बरोबर असतील तर त्यांचं खरं चालणं पार्काच्या आत होतं, बसथांब्यापर्यंत नव्हे, हे आधीच समजून सांगा. पार्कात भाड्याने मिळणारी व्हीलचेअर किंवा विजेवरची स्कूटर पार्काबाहेर नेता येत नाही. बाहेरच्या कंपन्या हॉटेलवर आणून देतात, ती मात्र बसमध्ये नेता येते. बसला रॅम्प असतो आणि चाकांवरच्या पाहुण्यांना आधी चढवतात. "मला काय झालंय, मी चालेन" असं म्हणणारे आजोबा दुसऱ्या दिवशी दुपारी स्वतःहून स्कूटर मागतात, म्हणून ती पहिल्याच दिवशी मागवा.

टॅक्सीबद्दल एक अट: फ्लोरिडाच्या कायद्याप्रमाणे पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना गाडीत वयानुसार बालआसन किंवा बूस्टर लागतं. साध्या उबरमध्ये ते असेलच असं नाही. मिनी माउसच्या नावाच्या, लाल-पांढऱ्या ठिपक्यांच्या डिस्नेच्या ‘मिनी व्हॅन’ टॅक्सी लिफ्टच्या अ‍ॅपवर मिळतात. त्यांत बालआसनं असतात आणि त्या मॅजिक किंग्डमच्या दाराजवळ नेऊन सोडतात. दर मात्र साध्या टॅक्सीपेक्षा बरेच चढे. बसमध्ये बालआसनाचा प्रश्नच येत नाही.

आतषबाजीनंतर मॅजिक किंग्डममधून एकदम हजारो माणसं बाहेर पडतात. त्या वेळी मोनोरेलची रांग पाहून धीर सोडू नका आणि तिच्यात घुसूही नका. दारापासच्या मेन स्ट्रीटवरची दुकानं उशिरापर्यंत उघडी असतात. आइस्क्रीम घेऊन अर्धा तास बसून राहा, पार्क बंद झाल्यावरही साधारण तासभर वाहतूक चालू असते. तेवढाही धीर नसेल तर कंटेम्पररीपर्यंत चालत जा आणि तिथून टॅक्सी बोलवा.

उन्हाळ्यातल्या फ्लोरिडात दुपारी ढग दाटून येणं रोजचंच. विजा चमकू लागल्या की रोपवे थांबतो, बोटीही थांबतात, आणि त्यांवरची सगळी माणसं बसथांब्यावर येतात. त्यामुळे जून ते सप्टेंबरमध्ये दुपारी तीनच्या सुमारास पार्क बदलण्याचा बेत आखू नका. एक तर जेवणानंतर लगेच निघा, नाहीतर पाऊस उलगडेपर्यंत एखाद्या बंदिस्त खेळाच्या रांगेत उभे राहा. तशीही रांग लावायचीच असते.

डिस्नेच्या आवाराबाहेर स्वस्त हॉटेल घेतलं तर यातलं बरंचसं लागू होत नाही. तिथल्या हॉटेलांच्या फुकट बस दिवसातून मोजक्याच वेळा निघतात आणि बऱ्याचदा तिकीट केंद्रापर्यंतच नेतात. दिवसाला दोन टॅक्सींचा खर्च धरून मगच खोलीच्या भाड्याची तुलना करावी. बाहेर राहणार असाल आणि मुलं लहान असतील, तर मीसुद्धा गाडीच घ्यायला सांगेन.

आणि विमानतळ. २००५ पासून डिस्ने आपल्या पाहुण्यांना विमानतळावरून फुकट बसने आणायची, सामानसुद्धा खोलीवर पोचवायची. ती सोय जानेवारी २०२२ मध्ये बंद झाली. जुने लेख वाचून आलेले लोक अजूनही ती शोधत फिरतात. आता पैसे देऊन खासगी बस मिळते. चौघं असतील तर टॅक्सी जवळजवळ त्याच भावात पडते आणि इतर हॉटेलांचे थांबे घेत बसत नाही. लिंक्स नावाची सरकारी बस सर्वांत स्वस्त, पण सामान आणि मुलं घेऊन ती न केलेलीच बरी. मियामीला उतरून किंवा क्रूझ करून येणार असाल तर ब्राइटलाइनची रेल्वे सप्टेंबर २०२३ पासून थेट ऑर्लँडो विमानतळापर्यंत येते. ती डिस्ने स्प्रिंग्जपर्यंत न्यायची घोषणा २०२० मध्ये झाली होती, पण २०२२ मध्ये तो बेत सोडून देण्यात आला. त्यामुळे शेवटच्या तीसेक किलोमीटरसाठी विमानतळावरून टॅक्सी किंवा बस घ्यावीच लागते. परतीचं विमान सकाळचं असेल तर ती आदल्या रात्रीच ठरवून ठेवा.